'गोरिला' या शब्दाची कुळकथा



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून काही श्रोत्यांना असे वाटले असेल की, आज शिवछत्रपतींच्या गनिमी काव्यासंबंधी काहीतरी ऐकावयास मिळणार. तसे वाटले असल्यास तो दोष त्यांचा नव्हे. 'गोरिला युद्ध' हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्रास छापून येतो, भाषणांतून कानी पडतो, आणि मग सहजच अशी समजूत होते की, डोंगरझाडीत दबा धरावा, शत्रू बेसावध दिसताच झडप घालावी आणि पुन्हा रानात नाहीसे व्हावे ही जी युद्धाची तऱ्हा, ती आफ्रिकेतील त्या प्रचंड वानरापासून उचललेली असावी. तेव्हा आधी हा गुंता सोडवतो आणि मग मुख्य विषयाकडे वळतो.

युद्धाच्या संदर्भातला शब्द मुळात 'गोरिला' नाहीच. तो 'गेरिला' आहे आणि तो स्पेन देशातून आला. स्पॅनिश भाषेत 'गेर्रा' म्हणजे युद्ध. घराचे जसे आपण 'घरकुल' करतो, तसे त्या 'गेर्रा'चे लघुरूप होऊन छोटे युद्ध, म्हणजे लहान टोळ्यांनी चालविलेले युद्ध, असा अर्थ झाला. १८०८ साली नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या. तेथील शेतकऱ्यांनी आणि डोंगरी लोकांनी टोळ्या करून त्यांना पुढील पाच-सहा वर्षे हैराण करून सोडले. आणि त्या धामधुमीत हा शब्द इंग्रजीत व इतर भाषांत गेला. म्हणजे आपला गनिमी कावा या शब्दाहून दीडशे वर्षांनी वडील आहे. त्या युद्धाचा आणि या वानराचा संबंध फक्त उच्चाराचा. अर्थाचा नाही, कुळाचाही नाही.

मग वानराला 'गोरिला' हे नाव कोठून मिळाले? ही हकीकत युद्धाच्या शब्दापेक्षा पुष्कळ जुनी आहे. ती जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी सुरू होते आणि गंमत अशी की, तिच्या सुरुवातीला गोरिला नावाचा प्राणी आहे की नाही, हेच निश्चित सांगता येत नाही.

आज जेथे ट्यूनिस शहर आहे, त्याच्या लगत पूर्वी कार्थेज नावाचे एक बलाढ्य नगर होते. टायर शहरच्या फिनिशियन दर्यावर्दी लोकांनी ते वसविले. व्यापार हा त्यांचा प्राण. इ. स. पूर्व ५०० च्या सुमारास, किंवा त्यानंतरच्या शतकात, या नगराने हन्नो नावाच्या आपल्या एका प्रमुखाला आरमार देऊन जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे पाठविले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वसाहती स्थापाव्यात ही कामगिरी. परत आल्यावर हन्नोने आपल्या प्रवासाचा वृत्तान्त लिहून तेथील एका देवालयात लावला. ग्रीक लोक त्या देवाला क्रोनॉस म्हणत.

हा वृत्तान्त फार लहान आहे. छापला तर दोन-तीन पानांत संपतो. पण त्यातही चिकित्सा करण्याजोगे पुष्कळ आहे. हन्नोबरोबर पन्नास वल्ह्यांची साठ गलबते आणि तीस हजार स्त्रीपुरुष होते, असे तो सांगतो. श्रोत्यांनी मनातल्या मनात भागाकार करून पाहावा: एकेका गलबतावर पाचशे माणसे बसतात! पन्नास वल्ह्यांच्या गलबतावर इतकी माणसे, शिवाय त्यांचे दाणापाणी आणि सामानसुमान मावणे शक्य नाही. आकडा तरी फुगलेला असेल, नाही तर नकलाकारांच्या हातून बिघडलेला असेल. बखरीतील आकडे आपण ज्या सावधपणाने वाचतो, त्याच सावधपणाने हाही लेख वाचावयास हवा.

वाटेत लिक्सस नदीकाठी गुरे राखणाऱ्या लोकांशी हन्नोची मैत्री जमली आणि त्यांच्यातील काही जण त्याने दुभाषे म्हणून बरोबर घेतले. हे दुभाषे आपण ध्यानात ठेवावेत, कारण आजच्या विषयाचे मुख्य साक्षीदार तेच आहेत. पुढे दक्षिणेस काळ्या वर्णाच्या लोकांची वस्ती लागली. ते लोक गलबते पाहून पळून जात. हन्नोच्या वृत्तान्तात येथे एक बारीकशी कबुली आहे: त्या लोकांची बोली बरोबरच्या दुभाष्यांनाही कळत नव्हती.

त्यानंतर गलबते आणखी पुढे गेली. एका बेटावर दिवसा रानाशिवाय काही दिसेना. रात्री मात्र जागोजाग जाळ दिसू लागले, पाव्यांचा, झांजांचा, ढोलांचा आवाज येऊ लागला आणि मंडळी भिऊन तेथून निघाली. पुढे आगीचे लोट समुद्रात वाहत येणारा प्रदेश लागला, आणि 'देवांचा रथ' म्हटला जाणारा एक उत्तुंग पर्वत दिसला. तेथून तीन दिवसांच्या अंतरावर एका आखातात एक बेट होते. त्या बेटात सरोवर, आणि त्या सरोवरात पुन्हा एक बेट. या आतल्या बेटावर रानटी माणसे राहत होती. हन्नो सांगतो की, त्यांत स्त्रियांची संख्या फार होती आणि त्यांची अंगे केसाळ होती. दुभाष्यांनी त्यांचे नाव सांगितले, ते ग्रीक पोथीत 'गोरिल्लाई' असे उतरले आहे.

कार्थेजच्या लोकांनी त्यांचा पाठलाग केला. पुरुष हाती लागले नाहीत. ते कडे चढून गेले आणि वरून दगड मारू लागले. तीन स्त्रिया मात्र सापडल्या. त्या चावू लागल्या, ओरबाडू लागल्या, काही केल्या बरोबर येईनात. तेव्हा त्यांना ठार करण्यात आले, त्यांची कातडी सोलण्यात आली आणि ती कातडी कार्थेजला नेण्यात आली. यानंतर शिधा संपल्यामुळे आपण पुढे गेलो नाही, एवढे सांगून हन्नो लेख संपवितो. त्या तिघींविषयी आणखी एक शब्दही तो लिहीत नाही.

आता या हकीकतीचा अर्थ काय लावावयाचा? ही माणसे होती की वानरे?

शब्दशः पाहिले तर हन्नो 'माणसे' म्हणतो, 'स्त्रिया' आणि 'पुरुष' म्हणतो. पण अंगभर केस, कडे चढण्याचे कसब आणि चावण्याचा आवेश पाहून पुष्कळ पंडितांनी ही वानरेच होती असा निर्णय दिला. मग कोणती वानरे? आज आपण ज्याला गोरिला म्हणतो तो प्राणी घ्यावा, तर अडचणी येतात. टोळीवर संकट आले असता मोठा नर गोरिला रक्षणासाठी पुढे सरसावतो. माद्यांना टाकून कड्यावर चढून दगड भिरकावीत बसणे हे त्याच्या स्वभावात बसत नाही. पूर्ण वाढलेली मादीही इतकी बलवान असते की, तिला हातांनी धरून चालवीत नेणे हे काम सोपे नव्हे. म्हणून कोणी म्हणतात ते चिंपांझी असावेत, कोणी म्हणतात मोठ्या जातीची माकडे असावीत. शिवाय हन्नो गेला कोठवर, हाही वाद आहे. 'देवांचा रथ' म्हणजे कॅमेरूनचा ज्वालामुखी असे मानले, तर गोरिलांचे रान तेथून जवळ येते. पण काही विद्वान तो पर्वत बराच अलीकडे, गिनीच्या किनाऱ्यावर दाखवितात, आणि तेथे गोरिला नाहीत.

एक तिसरा पक्षही आहे, आणि तो मनाला झोंबणारा आहे. ती खरोखरच माणसे असतील, तर? परक्यांना पाहून पळणारी, आपल्या कड्यांवरून दगडांनी प्रतिकार करणारी, धरून नेऊ लागताच चावणारी माणसे. तसे असेल, तर कार्थेजच्या देवळात टांगली गेली ती माणसांची कातडी होती. या पक्षाला निर्णायक पुरावा नाही. पण तो खोडून काढणाराही पुरावा नाही. आपल्याजवळ आहे तो फक्त एक शब्द.

त्या शब्दाची तरी स्थिती काय आहे ती पाहू. कार्थेजचे नगर इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमने जाळून जमीनदोस्त केले. तेथील ग्रंथसंग्रह रोमन सीनेटने आफ्रिकेतील राजांना वाटून टाकले. स्वतःसाठी मागो नावाच्या लेखकाचा शेतीवरचा ग्रंथ तेवढा राखला आणि त्याचे भाषांतर करविले. हन्नोचा मूळ प्युनिक लेख नष्ट झाला. उरला तो त्याचा ग्रीक अनुवाद. म्हणजे त्या बेटावरचे प्राणी दुभाष्यांनी पाहिले, दुभाष्यांचे बोल कार्थेजकरांनी ऐकले, कार्थेजकरांचा लेख ग्रीकाने उतरविला आणि ग्रीक लेखाच्या नकला शतकानुशतके होत राहिल्या. इतक्या हातांतून गेलेले नाणे किती झिजलेले असेल याची कल्पना करावी.

इ. स. च्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याच कातड्यांचा उल्लेख करतो. कार्थेज पडेपर्यंत ती जूनोच्या देवळात पाहावयास मिळत होती असे तो सांगतो. पण तीनच्या ऐवजी दोन म्हणतो, आणि त्या स्त्रियांना 'गोरिल्लाई' न म्हणता 'गॉर्गेड' म्हणतो. ग्रीक पुराणांत गॉर्गॉन नावाच्या, केसांच्या जागी साप असलेल्या तीन भयंकर बहिणी आहेत, त्यांच्यावरून हे नाव. काही अभ्यासकांना अशी शंका येते की, मूळ ग्रीक लेखातही तसेच काही असावे आणि नकलाकाराने ते चुकीचे वाचले असावे. ग्रीक लिपीत 'ड' आणि 'ल' ही दोन्ही मोठी अक्षरे त्रिकोणी. एकाला तळाची रेघ आहे, दुसऱ्याला नाही. मोडी कागदांतील एखादे नाव लावताना वाचकांची कशी फसगत होते, हे ज्यांनी दप्तरे चाळली आहेत त्यांना सांगावयास नको. पोथीचा पाठ खरा मानला, तर पश्चिम आफ्रिकेतील भाषांत त्याचे मूळ शोधण्याचा प्रयत्न होतो. वोलोफ भाषेत 'गोर' म्हणजे पुरुष, फुला भाषेत 'गोर्को' म्हणजे पुरुष. साम्य आकर्षक आहे. परंतु अडीच हजार वर्षांत भाषा किती बदलते याचा विचार केला, आणि दुभाष्यांना तिकडची बोली कळतच नव्हती ही हन्नोची कबुली आठवली, म्हणजे अशा साम्यावर भार टाकवत नाही.

या ठिकाणी, मंडळी, मला आपल्याला एका पोथीकडे न्यावयाचे आहे. हन्नोचा हा लेख आज आपणांस वाचावयास मिळतो तो जवळजवळ सर्वस्वी एका हस्तलिखितामुळे. नवव्या शतकातील ही ग्रीक पोथी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आहे. तिनेही प्रवास थोडा केला नाही: १६२३ मध्ये ती लुटीबरोबर रोमला गेली, १७९७ मध्ये पॅरिसला गेली आणि १८१६ मध्ये हायडेलबर्गला परत आली. या पोथीत हन्नोच्या लेखाच्या अगदी लगत आधी दुसरा एक दर्यावर्दी लेख आहे. तो म्हणजे 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस'. इ. स. च्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तो लिहिला, आणि आपल्या प्राचीन इतिहासाचा असा एकही अभ्यासक नाही की ज्याने त्याचा आधार घेतला नाही. तांबड्या समुद्रातून निघून तो व्यापारी भडोचला येतो आणि तेथून आपल्या किनाऱ्याची बंदरे सांगू लागतो. म्हणजे गोरिलाचे नाव आणि आपल्या गावांची नावे एकाच पोथीच्या पुठ्ठ्यात, एकमेकांच्या शेजारी, हजार-अकराशे वर्षे नांदत आहेत!

त्या व्यापाऱ्याने लिहिलेली नावे ऐका. 'सुप्पारा', 'कल्लिएना', 'सेमिल्ला', 'पैठाना', 'तगर'. मी अर्थ सांगण्यापूर्वीच आपल्यापैकी कित्येकांनी ती ओळखली असतील. सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल, पैठाना तर उघडच पैठण आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. त्याच्याही कानांनी आपली नावे थोडी वाकडी ऐकली, त्याच्याही लेखणीने ती ग्रीक साच्यात बसविली. मग आपण ती चटकन का ओळखतो? कारण ती गावे अजून आहेत, ती नावे बोलणारी माणसे तेथे अजून नांदत आहेत. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. परक्याने आपले नाव चुकीचे लिहिले, तर 'असे नव्हे, असे' म्हणून सांगावयास आपला शिलालेख आहे, आपली भाषा आहे, आपण स्वतः आहोत.

त्याच पोथीचे पान उलटले की 'गोरिल्लाई' हा शब्द येतो, आणि त्याच्या वतीने उभा राहील असा कोणीही नाही. त्या बेटावरील जीवांनी स्वतःविषयी काही सांगितले असेल, तर ते कोणी टिपले नाही. त्यांच्या शेजाऱ्यांची भाषा दुभाष्यांना येत नव्हती. ज्या नगराने त्यांना मारले, त्या नगराचीही भाषा पुढे मेली. शब्द तेवढा उरला. माझ्या मते या कथेचा गाभा हाच आहे: परक्याने लिहून ठेवलेले नाव हा अपुरा पुरावा असतो, ज्याचे नाव, त्याची साक्ष जोडली गेली तरच तो पुरा होतो.

असो. हा शब्द पोथीत निजून राहिला. १५३३ मध्ये बाझेल येथे हन्नोचा लेख प्रथम छापला गेला आणि विद्वानांना परिचित झाला. पण एखाद्या प्राण्याला ते नाव द्यावे असे कोणाला सुचले नव्हते. तो योग १८४७ साली आला. टॉमस सॅव्हेज हा अमेरिकन मिशनरी आणि वैद्य लायबीरियातील केप पामास येथे काम करीत असे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्वदेशी परतताना तो गॅबन नदीच्या मुखाशी अडकून पडला आणि जॉन लेटन विल्सन या मिशनऱ्याच्या घरी उतरला. विल्सनने त्याला एक विलक्षण कवटी दाखविली. सॅव्हेजने आणखी कवट्या व हाडे मिळविली, आसपासच्या लोकांकडून माहिती गोळा केली आणि हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ जेफ्रीज वायमन यांच्याबरोबर त्या वर्षाच्या अखेरीस बॉस्टनच्या एका शास्त्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. नव्या प्राण्याला नाव हवे होते. सॅव्हेजला हन्नोची रानटी माणसे आठवली आणि त्याने त्यांचेच नाव या प्राण्याला दिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या प्राण्याला नाव नव्हते असे नाही. गॅबनकाठचे म्पोंग्वे लोक त्याला चांगले ओळखत होते, आणि त्यांचे नाव सॅव्हेजने 'एंगे-एना' असे आपल्या निबंधात लिहूनही ठेवले होते. परंतु शास्त्राच्या दप्तरात दाखल झाले ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे, संशयित, कोणाचे ते ठाऊक नसलेले नाव. अशी उलथापालथ दुसऱ्याही एका शब्दाच्या वाट्याला आली. अँड्र्यू बॅटेल नावाचा इंग्रज खलाशी पोर्तुगीजांचा कैदी म्हणून कित्येक वर्षे अंगोलाच्या बाजूस होता. १६२५ मध्ये छापलेल्या त्याच्या हकिकतीत तेथील मोठ्या वानराचे नाव 'पोंगो' असे आहे. आज प्राणिशास्त्रात 'पोंगो' हे नाव आफ्रिकेतील कोणत्याही वानराचे नसून बोर्निओ-सुमात्राच्या ओरांगउटानचे आहे! आणि ओरांगउटान या मलाया शब्दाचा अर्थ तरी काय? रानातला माणूस. आपल्याकडेही 'वनमानुष' आहेच. 'वानर' शब्दाची 'वा नरः', म्हणजे हा नर तर नव्हे, अशी फोड जुने शास्त्री करीत. भाषाशास्त्र ती फोड मानीत नाही, ते या शब्दाचा संबंध वनाशी जोडते. पण ती ज्याला सुचली त्याच्या मनातील प्रश्न हन्नोच्या खलाशांना पडावयास हवा होता.

पुढे या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ निघाला आणि १८६१ मध्ये पॉल द्यु शायू हा प्रवासी गोरिलांची कातडी व सांगाडे घेऊन लंडनमध्ये अवतरला. माणूस आणि वानर यांच्या मेंदूत मूलतः भेद आहे की नाही, यावर ओवेन आणि हक्सली यांची जुंपली. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात एक चित्र आले. त्यात गोरिलाच्या गळ्यात पाटी होती आणि त्या पाटीवर, मी माणूस व तुमचा बंधू आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न होता. वाचकांना हसू आले असेल. परंतु हा प्रश्न १७८७ मध्ये इंग्लंडातील गुलामगिरीविरोधी मंडळींनी गुडघे टेकलेल्या, बेड्या घातलेल्या आफ्रिकी माणसाच्या चित्राखाली घातला होता. माणसाने माणुसकी मागताना उच्चारलेले शब्द पशूच्या गळ्यात अडकवून त्यांची थट्टा करण्यात आली, आणि तीही अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले त्याच वर्षी. पुढे काळ्या वर्णाच्या लोकांना हिणविण्यासाठी 'गोरिला' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, अजूनही ती खोड पुरती गेलेली नाही. ज्या शब्दात माणूस की पशू हा संशय जन्मापासून होता, त्या संशयाचा असा दुरुपयोग व्हावा, हे दुर्दैव होय.

बिचाऱ्या प्राण्याची कीर्तीही अशीच बिघडली. द्यु शायूने तो महाक्रूर म्हणून रंगविला आणि सिनेमाने त्यावर कळस चढविला. १९५९-६० मध्ये जॉर्ज शॅलर यांनी त्यांच्या रानात राहून पाहिले, तेव्हा हा पाला, कोंब आणि देठ खाणारा, कुटुंबवत्सल आणि बहुधा शांत जीव आहे असे दिसून आले. आज तो फार थोडा उरला आहे. डोंगरी गोरिलांची २०१९ मध्ये जाहीर झालेली गणना अवघी १,०६३ आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून आपला निरोप घेतो. या डोंगरी गोरिलांच्या मुलखांपैकी एक म्हणजे रुआंडा. तेथील भाषेत गोरिलाला 'इंगागी' म्हणतात. मूल जन्मले की आप्तेष्टांनी जमून त्याचे नाव ठेवावयाचे, अशी आपल्या बारशासारखीच तेथे जुनी चाल आहे; तिला 'क्विता इझिना' म्हणतात, म्हणजे नाव देणे. २००५ सालापासून रुआंडात दरवर्षी गोरिलांच्या नवजात पिलांचे असे जाहीर बारसे होते. डोंगराच्या पायथ्याशी लोक जमतात आणि प्रत्येक पिलाला आपल्या भाषेतले नाव देतात. यात प्रवाशांना आकर्षित करण्याचा हेतूही आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण हन्नोच्या गलबतांवरून ज्या नामकरणाला सुरुवात झाली त्याच्याशी हे ताडून पाहावे. तेथे नाव सांगणाऱ्यांना त्या मुलखाची भाषा येत नव्हती, आणि ज्यांचे नाव सांगितले गेले त्यांची फक्त कातडी शिल्लक राहिली. येथे नाव ठेवणारे शेजारी आहेत, आणि ज्याचे नाव ठेवले ते पिलू आईच्या पाठीवर बसून रानात जिवंत आहे.